स्वराजच्या नावावर

धनगरवस्ती, कळंब
१२ नोव्हेंबर २००६

रत्ने,

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाय म्हणून रागावली असशील. अगं, ह्यांच्या मोबाईलला रेंज येते ती फक्त दारातल्या लिंबाखाली, आणि तिथं फोन वाजला की सगळं घर गोळा होतं. तू 'मेंदू' म्हणालीस आणि आमच्या सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणून हे पत्र. यापुढं असलं काही असेल तर पत्रच टाकत जा. पत्र इथं मी एकटीच वाचते.

अवसरीच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली, म्हणून तोंडावर विचारते. माझ्या स्वराजचं डोकं तुला कशाला पाहिजे? पोरगं सात महिन्यांचं. पुण्याहून गाडी भरून माणसं घोडेगावला येणार, फुकट तपासणार, वर आम्हाला जायचं-यायचं भाडं देणार. एवढं प्रेम कुणाला उतू चाललंय? मागं कळंबात एक जण फुकट डोळे तपासायला आला होता, तो निम्म्या गावाला चष्मे विकून गेला. सासूबाई म्हणतात, तपासताना घालतात ती टोपी डोक्यातलं ओढून घेते आणि कॉम्प्युटरात भरते. उद्या पोरगं खुळं निघालं तर कुणाच्या दारात जायचं?

आणखी एक म्हणाल्या, ते लिहू का नको असं झालंय. म्हणाल्या, "ती रत्ना शिकली, मोठी झाली, चांगलं झालं. पण आपलंच लेकरू कशाला? तिच्यात पोरं न्हाईत का?" रोख तुला कळेलच. मी गप्प बसले. तुझ्यापासून लपवलं असतं तर मलाच डाचत राहिलं असतं.

बाकी बरं आहे. दिवाळी झाल्यावर स्वराजचं जावळ काढलं, माझ्या भावाच्या मांडीवर बसवून. डोकं असं गुळगुळीत झालंय की हात फिरवत बसावंसं वाटतं. सासूबाई मात्र त्याला आल्या-गेल्यापासून लपवतात, दृष्ट लागंल म्हणून. माझ्या नणंद शीलावन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, बाळंतपणाला आल्या त्या अजून इथंच आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर बाळ झालं आणि मुलगी झाली, तर बेल्ह्याहून सासरचं कुणी न्यायला फिरकेना. पोरीचं नाव बानू. स्वराजहून थोडीशीच मोठी. तिचं जावळ तसंच राहिलंय. मामा म्हंजे आमचे हे मांडी घालून तयार आहेत, पण तिकडची माणसं आल्याशिवाय काढायचं कसं? वन्सं बिचाऱ्या दिवसभर त्या पोरीशी एकट्याच बोलत बसतात.

तर मला खरंखरं लिही. डॉक्टरांनी शिकवलेलं नको, तुझं लिही.

नंदा

*

पुणे
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय नंदे,

जयभीम. पत्र वाचून आधी हसले, मग तुझ्या सासूबाईंच्या त्या वाक्यापाशी थांबले. 'तिच्यातली' पोरं तपासून झाली म्हणावं. आमच्या जयवंतदादाची मुलगी पहिल्याच शिबिरात टोपी घालून बसली होती, माझ्या आईच्या मांडीवर. जानकाबाई काही नातीचं डोकं कुणाला ओढून नेऊ देणारी बाई नाही, हे सगळ्या अवसरीला माहीत आहे. एवढं तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवलंस तरी चालेल.

आता माझं लिहिते. बाळाला आई मांडीवर घेते. डोक्यावर एक जाळीची टोपी घालतात, तिला आतून बारीक बटणं असतात आणि बटणांखाली चिकट मलमासारखं काहीतरी लावतात. समोर स्पीकर. त्यातून 'बा, बा, बा, बा' वाजत राहतं आणि मधेच एकदा 'दा' येतं. आवाज बदलला की बाळाच्या मेंदूत एक बारीकशी उसळी येते, तिची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. झालं. टोपी आत काही सोडत नाही, बाहेर काही ओढत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, तसं ही डोक्याला लावून ऐकते.

काही बाळांचे कान चांगले असतात, पण ही उसळी येत नाही. त्यातली बरीच पुढं बोलायला अडतात. नुसती रेघ बघून कुणाला ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही कॉम्प्युटरला शिकवतोय. आधी तपासलेल्या बाळांच्या रेघा त्याला दिल्या, ती बाळं मोठी होऊन कशी बोलायला लागली तेही दिलं. त्यातून खुणा तो आपल्या आपण हुडकतो, आणि नव्या बाळाची रेघ दिली की अंदाज सांगतो. अंदाज हं, भविष्य नाही. चुकतोसुद्धा. पण दोन-तीन वर्षं वाट बघत बसण्यापेक्षा आधी कळलं तर पोराला बोलतं करायला हातात वेळ राहतो.

आणि स्वराजच का, ते तुलाही माहीत आहे. स्वराजचे बाबा, ज्योतिबा भावजी, पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नाहीत, शाळेत मुका म्हणून मार खाल्ला, हे तूच लग्नानंतर रडत सांगितलंस मला. असल्या घरातल्या बाळांना आम्ही आधी बोलावतो. मला तुझ्या पोराची काळजी वाटते, याच्याखाली दुसरं काही दडलेलं नाही.

शिबिर ३ डिसेंबरला, रविवारी, घोडेगावला. मी तिथं नसेन, मी इथं कॉम्प्युटरपुढं बसते. माझी सोबतीण प्रतीक्षा असेल, तिला मी सांगून ठेवलंय. येशील ना?

तुझीच,
रत्ना

*

कळंब
८ डिसेंबर २००६

रत्ने,

झालं बाई तुझ्या मनासारखं. रविवारी ह्यांनी मोटारसायकलवरून घोडेगावला नेलं, टोपी घातली, बा बा ऐकलं, आणि संध्याकाळच्या आत परत. रडलं नाय पोर. तुमची प्रतीक्षा स्वभावाला चांगली आहे. सासूबाई आल्या नाहीत, घरीच होत्या. मी जास्त काय लिहू, तुला रेघा दिसतीलच.

भाडं दिलं त्यांनी. आम्ही नको म्हणत होतो.

आता मला यातून मोकळं कर. काही आलं तर पत्रानं कळव, फोन नको. इथं कांद्याची गडबड चालू आहे.

नंदा

*

पुणे
१६ फेब्रुवारी २००७

प्रिय नंदे,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय. आधी पाणी पी, मग वाच.

स्वराजच्या रेघा चांगल्या आलेल्या नाहीत. कान उत्तम आहेत, आवाज पोचतो. पण 'बा'चा 'दा' झाला की जी उसळी यायला हवी ती जवळजवळ नाही. कॉम्प्युटरनं धोका सांगितला. मला पटेना, म्हणून मी डॉक्टरांना सांगून पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलं. पुन्हा तेच आलं.

याचा अर्थ तो मुका राहील असा अजिबात नाही. याचा अर्थ आत्तापासून त्याच्याकडं लक्ष द्यायचं. त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोल, एकेक शब्द सावकाश. मार्चमध्ये त्याला घेऊन माझ्याकडं ये, इथल्या बाई शिकवतील काय करायचं ते. लवकर हात घातला तर पुष्कळ फरक पडतो. राहायची सोय माझ्या खोलीवर.

आणि हो, प्रतीक्षा तुझं कौतुक करत होती. म्हणाली, इतकी काळजीनं विचारणारी आई शिबिरात दुसरी आली नाही. निघेपर्यंत विचारत होतीस म्हणे, कधी कळेल, नक्की कळेल ना, यंत्राला खोटं बोलता येतं का. मला गंमत वाटली. माझ्याशी एवढी भांडलीस आणि मनातून तुलाही हेच पाहिजे होतं तर.

घाबरू नकोस. मी आहे.

रत्ना

*

कळंब
२८ फेब्रुवारी २००७

रत्ने,

पत्र पोचलं. तू फाडून फाडून लिहिलंस त्याबद्दल आभार, पण उगाच त्रास घेतलास. आमचा स्वराज ठणठणीत आहे. सकाळी उठल्यापासून बा बा, ता ता, म्या म्या चालू असतं. मेंढरं वाड्यात आली की त्यांच्यासारखंच ओरडतो, आजोबा हसून हसून लोळतात. ज्याच्या तोंडाला दिवसभर विसावा नाय, त्याला तुझं यंत्र म्हणतं बोलणार नाय. म्हणावं, आधी स्वतःचे कान तपासून घे.

पुण्याला यायचं काही जमणार नाय. सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील, त्यांना मी सगळं चांगलं आलं म्हणून सांगितलंय. वन्संनाही तेच सांगितलं. त्या बिचाऱ्या चार-चारदा विचारत होत्या, काय आलं, काय आलं. म्हटलं काही नाय, सगळं चांगलं आहे, जावा आता निवांत. खरंच गेल्या. बेल्ह्याहून त्यांचे मालक सावळेराम भावजी आणि सासरे न्यायला आले. ओटी भरून पाठवलं. जाताना बानू माझ्या खांद्यावर झोपली होती. गुणाची पोर गं, कधी आवाज नाय, रडणं नाय. सासूबाई म्हणतात पोरीच्या जातीनं असंच असावं.

राग मानू नकोस. पण हा विषय आता बंद कर.

नंदा

*

पुणे
२ नोव्हेंबर २००७

नंदे,

आठ महिने तू विषय बंद ठेवलास, मीही ठेवला. आज उघडावा लागतोय.

दीड वर्षाची झालेली बाळं कशी बोलतात ते आम्ही प्रत्येक घरी फोन करून विचारतो. परवा तुमच्याकडं प्रतीक्षानं केला. ज्योतिबा भावजींनी काही न बोलता फोन सरळ स्वराजच्या तोंडाला लावला. त्यानं आई, आजी, मोती कुत्रा, ट्रॅक्टर, सगळ्यांची नावं घेतली आणि वर तिलाच विचारलं, तू कोन? प्रतीक्षा हसत आली. मी पण हसले. मग डॉक्टर म्हणाले, चला, यंत्र चुकलं. आता त्याला सांगायचं, अशी रेघ असलेलं पोर वेळेवर बोलतं. म्हणजे पुढच्या वेळी अशी रेघ आली तर ते धोका सांगणार नाही.

मी रात्रभर आधी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर. मीच नावांची अदलाबदल केली का, मीच टोपीचं बटण उलटं वाचलं का. सकाळी प्रतीक्षाला विचारलं, त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का, आठव. ती म्हणाली, काही नाही गं, फक्त त्या बाळाच्या जावळानं जीव काढला. एवढं दाट आणि तेलानं माखलेलं, की एकेक बटण बसवायला भांग पाडून पुसून घ्यावं लागलं.

तुझं पहिलं पत्र मला विसरता येण्यासारखं नाही, नंदे. दिवाळीनंतर स्वराजचं जावळ काढलं होतं. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसायचीस. तीन आठवड्यांत कुणाच्या डोक्यावर भांग पाडण्याइतकं जावळ उगवत नाही.

तेवढ्यावर थांबले नाही. प्रतीक्षाला तुझ्या लग्नातला फोटो दाखवला. ती म्हणाली, ही ती बाई नव्हे.

कुणाचं पोर पाठवलंस? माझ्यावर विश्वास नव्हता तर नाही म्हणायचं होतंस. मी एवढीच का गं परकी?

रत्ना

*

कळंब
१४ नोव्हेंबर २००७

रत्ने,

तुझ्या पत्राचा आधी राग आला. म्हटलं ही काय पोलिसात लागलीय का, फोटो दाखवते, केस मोजते. दोन दिवस तसंच ठेवलं. पण खोटं किती रेटायचं?

बानूला पाठवलं होतं. स्वराजचं टोपडं आणि अंगडं घालून. आई म्हणून शीलावन्सं गेल्या, माझं नाव सांगून. मी स्वराजला घेऊन घरीच होते. असं झालं की, तुला नाय म्हणवेना आणि सासूबाईंना हो म्हणवेना. ह्यांना तर वाटत होतं तपासावं, त्यांनी लहानपणी भोगलंय. रोज घरात तोच विषय. मग कुणीतरी म्हणालं, बहुतेक सासूबाईच, की स्वराजला नको, त्याच्या नावावर बानूला न्या. परक्या माणसांपुढं वंशाचा दिवा कशाला काढायचा, पोरीचं काय बिघडायचंय. वन्सं जन्माच्या भोळ्या, आई म्हणाली तशी पोर दिली. आणि मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. ज्याच्या-त्याच्या मनासारखं झालं आणि माझं लेकरू टोपीतून वाचलं.

मग तुझा निकाल आला. पहिल्यांदा मी देवापुढं साखर ठेवली, की धोका आहे तो माझ्या पोराला नाय. साखर ठेवून वळले तर वन्सं बानूला न्हाऊ घालत होत्या. तेव्हा कळलं, धोका आहे तो बानूला. पण सांगू कसं? आधीच मुलगी झाली म्हणून वर्ष-वर्ष न्यायला येत नाहीत ती माणसं. तिच्या डोक्यात दोष आहे म्हटल्यावर सावळेराम भावजींना दुसरं लग्न करायला निमित्तच मिळेल. त्यात नेमके तेव्हाच न्यायला आले. चांगल्या चाललेल्या संसारात मी माती कशाला कालवू? म्हणून सगळं चांगलं आलं म्हणाले.

आणि कोण जाणे, तुझं यंत्र चुकलंही असेल. तूच म्हणालीस, चुकतं. दिवाळीला वन्सं आल्या होत्या. बानू अजून बोलत नाय, पण शांतच आहे ती पहिल्यापासून. हाताला धरून नेते, बोटानं दाखवते, तिचं सगळं कळतं आम्हाला. पोरी असतात अशा. बोलेल.

हे वाचून फाडून टाक. तुझ्या यंत्रात काय लिहायचं ते लिही, एका पोरानं त्याचं काय जातंय?

नंदा

*

पुणे
२२ नोव्हेंबर २००७

नंदे,

यंत्राचं काय जातंय ते सांगते. त्याला जे खरं म्हणून सांगू, तेच ते शिकतं. बानूची रेघ आणि स्वराजची बडबड एकत्र बांधून दिली, तर उद्या आणे-माळशेजकडच्या एखाद्या वस्तीवरच्या पोराची अशीच रेघ येईल आणि यंत्र म्हणेल, काही नाही, घेऊन जा. ती आईही निवांत जाईल, तू शीलाताईंना पाठवलंस तशी. मी डॉक्टरांना ती नोंद थांबवायला लावलीय. नाव अजून सांगितलेलं नाही, पण पोर बदललं होतं एवढं सांगितलंय. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या ओळखीच्या बाईनंच असं कसं केलं?

हे जाऊ दे. मुद्दा बानूचा आहे. ती दीड वर्षाची झाली आणि एक शब्द नाही. पोरी असतात अशा, हे कुणाला सांगतेस? ज्योतिबा भावजींना पण म्हणत होते ना, पोरं असतात अशी? तिच्या डोक्यात दोष नाही. तिला आवाज वेगळे ओळखायला शिकवावं लागेल, बाकीची पोरं आपोआप शिकतात ते. आत्ता शिकवलं तर सोपं जाईल. जितकं लांबेल तितकं अवघड, आणि मग तिला मुकी म्हणायला सगळा गाव मोकळा.

त्या घरात दोष शोधणारी माणसं आहेत हे मी समजू शकते. पण आई तिची शीलाताई आहे, तू नाहीस. तिच्या वतीनं ठरवायचा अधिकार तुला कुणी दिला?

संक्रांतीपर्यंत तू सांग. नाहीतर मी एसटीत बसून बेल्ह्याला जाईन आणि दारात उभी राहून सांगेन. मला तिथं कुणी पाणी विचारलं नाही तरी चालेल.

रत्ना

*

कळंब
२१ जानेवारी २००८

रत्ने,

तुझं पत्र आल्यापासून रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं. कांदा लावायचा होता, स्वराजला खोकला होता, गाडी पंक्चर होती. खरं कारण भीती. शेवटी ह्यांना सगळं दाखवलं, तुझी पत्रंसुद्धा. हे वाचून उठले, गाडी पुसायला लागले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ आणि वाण घेऊन आम्ही बेल्ह्याला गेलो.

बानू अंगणात होती. मी हाक मारली तर वळून हसली, धावत आली, हाताला धरून ओढत नेऊन कोकरू दाखवलं. स्वराज माझ्या कडेवरून कोकरू, कोकरू म्हणून ओरडायला लागला. बानू त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मग तिनंही ओठ हलवून बघितले. आवाज आला नाय. रत्ने, मी एवढे महिने तिला गुणाची, गुणाची म्हणत होते. मला तिथंच रडू आलं.

वन्संच्या सासूबाई वाण लुटायला शेजारी गेल्या होत्या. वन्सं चुलीपुढं भाकरी करत होत्या. मी दार लोटून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मला वाटलं त्या छाती पिटतील, मला घराबाहेर काढतील. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तवा काय आलं व्हतं, ते नीट सांग." मी सांगितलं. भाकरी जळाली तरी त्यांनी काढली नाय.

मी म्हटलं, वन्सं, सासूबाईंनी सांगितलं आणि तुमी भोळेपणानं पोर दिली, माझंच चुकलं. तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाय.

"आईनं न्हाई सांगितलं. ते आईच्या डोक्यात मीच भरवलं. स्वराजला दृष्ट लागंल, त्याच्या नावावर माझी न्या, हे मी म्हणाले व्हते. ज्योतिबा ल्हान व्हता तवा त्याची तहान-भूक मीच लोकांना सांगायची. बानू पाच म्हयन्यांची झाली तवापास्नं मला ते दिसत व्हतं. हिकडं कळू न देता तपासायची दुसरी वाट नव्हती."

म्हंजे मी ज्यांना भोळ्या म्हणत होते, त्यांनी आम्हा सगळ्यांना बोटावर नाचवून पोरीची तपासणी करून घेतली होती. प्रतीक्षाला पुन्हा पुन्हा विचारणारी आई कोण होती ते तुला आता कळलं असेल. त्या फक्त निकालाची वाट बघत होत्या, आणि तो माझ्याकडं आला.

मग त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस सगळं चांगलं आलं. येवढं पुण्याचं यंत्र चांगलं म्हणतंय, मग मलाच येड लागलंय, आसं म्हणून मी वरीसभर गप बसले, नंदा. माझ्या पोरीवर नको तो संशय घेतला म्हणून रोज तिच्या पाया पडत व्हते."

मी त्यांचा संसार वाचवतेय म्हणत होते आणि त्या रोज पोरीच्या पाया पडत होत्या.

पुढचं ऐक. सावळेराम भावजी बाजारातून आले. वन्संनी तोंड उघडलं, तर आमच्या ह्यांनी हातानं थांबवलं. तुला माहीत आहे, ह्यांना चार माणसांत दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी मान खाली जाते. ते उभे राहून म्हणाले, "दाजी, मी पाच वर्षांचा हुईस्तोवर मुका व्हतो. तेवढी वर्षं ताई माझ्या वतीनं बोलली. आता बानूच्या वतीनं मी बोलतो. तिला पुण्याला न्यायची." भावजींनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला काय म्हाईत नव्हतं व्हय? रात्री मी बी हाक मारून बघतो तिला. कुणी बोलंना, म्हणून मी बी बोललो न्हाई." वन्संच्या सासूबाई नंतर बोलायचं ते बोलल्या, अजून बोलतायत. बोलू देत.

काल बानूचं जावळ काढलं. पहिल्या वर्षी राहिलं तर तिसरं लागेपर्यंत थांबायचं असतं म्हणतात, वन्सं म्हणाल्या आता कशासाठीच थांबायचं नाय. ह्यांच्या मांडीवर बसली आणि वस्तऱ्याला अजिबात भ्याली नाय. प्रतीक्षाला सांग, या खेपेला भांग पाडावा लागणार नाय.

गुरुवारी पहिल्या एसटीनं येतोय, वन्सं, सावळेराम भावजी, बानू आणि मी. आमच्या सासूबाईपण येणार आहेत. तुझ्यावर विश्वास बसलाय म्हणून नव्हे, टोपी घालताना समोर बसून राखण करणार आहेत. त्यांना मुद्दाम खुर्ची दे. पाणी पण तूच दे, तुझ्या हातानं. घ्यावंच लागेल.

तू मला एवढीच का परकी म्हणून विचारलंस, त्याचं उत्तर पत्रात देता येण्यासारखं नाय, समोर येते तेव्हा दोन शिव्या दे.

तिथं नाव मात्र नीट लिहून घे. बाळाचं नाव बानू, आईचं नाव शीला. आणि निकाल जो येईल तो माझ्याकडं पाठवू नकोस. तिच्या आईला दे.

नंदा